काखेतला वास

आज लेकीला शाळेतून आणलं, मिठी मारली आणि थबकलेच. काखेतून चक्क मोठ्या माणसासारखा घामाचा वास. वय वर्षं ७! आधी स्वतःचाच कुर्ता हुंगून पाहिला, म्हटलं आपलाच असेल. नव्हता.

संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. लहान मुलांच्या घामाला एरवी फारसा वास नसतो. काखेतल्या वेगळ्या घामग्रंथी जाग्या झाल्या की त्यांचा स्राव त्वचेवरचे जिवाणू फोडतात आणि वास येतो. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरकं (हार्मोन्स) साधारण ६ ते ८ वर्षांच्या सुमारास वाढू लागतात आणि या घामग्रंथींना जागं करतात, त्यामुळे नुसता वास म्हणजे पाळी जवळ आली असं नाही. मात्र मुलीत ८ च्या आधी, मुलात ९ च्या आधी काखेत केस, मुरमं, भराभर वाढणारी उंची किंवा मुलीत छातीची वाढ दिसली तर तपासणी हवीच. हिला तपासलं, तसं काही नाही.

मग आंघोळीत काख साबणाने नीट चोळणं, कोरडी पुसणं, रोज धुतलेला सुती बनियन. (कालचाच टी-शर्ट उलटा करून घालायची कला बंद!)

तिला सांगताना मीच अडखळत होते. ती शांतपणे म्हणाली, "आई, बाबांना पण सांग ना."