लिंबाचा अर्क: गाळल्यानंतरची नोंद

व्होडकात मुरत ठेवलेली कागदी लिंबांची साल आता गाळून झाली असून अर्काचा रंग फिकट पिवळा आणि वास स्वच्छ आला आहे. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून मुद्दाम पिवळी पडलेली लिंबे निवडली होती. या लिंबाची साल इतकी पातळ असते, की किसणीवर हात जरा जड पडला तरी खालचा पांढरा थर निघून येतो आणि त्याचा कडवटपणा अर्कात कायमचा उतरतो; म्हणून रस काढण्यापूर्वी, लिंबू अखंड व टणक असतानाच किसलेले बरे. (घरात व्होडका कशासाठी आली, याचा खुलासा मात्र थोरामोठ्यांसमोर करावा लागला.)

खरा प्रश्न तीव्रतेचा आहे. लिंबाचा वास सालीतील तेलात असतो. त्या तेलात लिमोनीन सर्वाधिक असले, तरी ज्याला आपण लिंबाचा वास म्हणतो तो मुख्यतः सिट्रलचा. हे तेल तीव्र अल्कोहोलमध्ये सहज विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. आपल्याकडच्या व्होडकात अल्कोहोल ४२.८ टक्के आणि बाकी बहुतेक पाणीच असल्याने तीत तेल थोडेच मावते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०६ मध्ये लिंबाच्या अर्कात किमान ५ टक्के तेल असावे असे ठरवले होते. घरगुती अर्क तेथवर पोहोचत नाही, आणि तीच व्होडका पुन्हा ताज्या सालीवर ओतूनही एका मर्यादेपलीकडे फरक पडत नाही. तेल भरपूर असलेला अर्क थंड पाण्यात टाकताच पाणी दुधाळ होते. माझ्या अर्काने ते किंचित धूसर झाले, इतकेच. त्यामुळे पाककृतीत एक चमचा सांगितला असेल तेथे मी दोन घालतो आणि शिवाय थोडी ताजी साल साखरेत चोळून घेतो.

नानकटाईत हा अर्क सर्वांत चांगला उतरला. तूप आणि साखर फेसतानाच तो घातला, तर स्निग्धांशात वास धरून राहतो व भट्टीत कमी उडतो. गुळाच्या केकमध्ये मात्र तो व्यर्थ आहे, कारण कोल्हापुरी गुळापुढे लिंबाचा मागमूसही उरत नाही. लोण्याच्या आयसिंगला आच लागत नसल्याने तेथे अर्धा चमचाही पुरतो.

उजेड आणि हवा लागल्यास लिमोनीनला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो, म्हणून अर्क तपकिरी बाटलीत काठोकाठ भरून कपाटात ठेवला आहे. पुढचा घाणा इडलिंबाच्या सालीचा घालणार आहे. त्याची साल जाड असल्याने किसणे तरी सोपे जाईल.