मांड पक्की होईपर्यंत

घोड्यावर बसायला मी छत्तिसाव्या वर्षी शिकले. दुडकीवर उठबस जमली, कँटर, म्हणजे दुडकीपुढची वेगाची चाल, जमला आणि आपल्याला रायडिंग येतं असं मी चार वर्षं धरून चालले. मग आमच्या क्लबात बिजली आली. रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी. पुण्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर पावसाळ्यात धावणाऱ्या घोड्यांपैकी काही पुढे रायडिंग शिकवायच्या कामी येतात. अशा घोड्याला लगामावर भार टाकून पळायची सवय असते. मी जितकं ओढायचे, तितका ती जोर धरायची. एकदा कोपऱ्यावर ती झटकन वळली आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. हाड वाचलं. घरी बर्फ लावत बसले तेव्हा एकच वाटत होतं, या घोडीशी मला बोलताच येत नाही.

२०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघानं ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून सूक्ष्म इशाऱ्यांवर ठरलेल्या हालचाली करून घेण्याच्या प्रकारात, सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनी आलेलं. ते व्हिडिओ मी मोबाइलवर कितीदा तरी पाहिले. त्या संघातल्या अनुष अगरवालाचे हात मला हललेले दिसेचनात. मग घोडा ऐकतो तरी कशानं, हा प्रश्न घेऊन मी सरांकडे गेले. सर लष्करातून निवृत्त झालेले, मुक्काम खडकवासल्याच्या बाजूला. कोथरूडहून सव्वापाचला निघावं लागायचं.

पहिले सहा आठवडे त्यांनी लगाम माझ्या हातात दिलाच नाही. बिजली लांब दोरीवर गोल फिरायची, मध्ये सर उभे, आणि रिकिबी काढलेल्या. कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवेत, एवढंच काम. आधी जिथे शिकले तिथे ‘गुडघे आवळून धरा’ असं सांगायचे. गुडघा आवळला की टाच वर येते, पाय मागे सरकतो आणि अंग पुढे झुकतं, हे मला तिथे कोणी सांगितलं नव्हतं. ती चार वर्षांची सवय मोडायला मला पूर्ण पावसाळा लागला. रात्री जिना उतरताना मांड्या थरथरायच्या.

दुडकीवर बसून राहणं सगळ्यात अवघड. मी श्वास धरून ठेवायचे, म्हणून पाठ लाकडासारखी व्हायची आणि प्रत्येक पावलाला मी सॅडलवरून उडायचे. सर म्हणाले, “ताई, मोठ्यानं पाढे म्हणा.” मी बे एके बे सुरू केलं. बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो. पाचाच्या पाढ्याशी कंबर आपोआप सैल झाली आणि बिजलीची पाठ मला पहिल्यांदा खालून कळली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईसानं एकदा मागून व्हिडिओ काढला. त्यात माझी उजवी कूस मोडलेली आणि वजन सगळं डावीकडे. ऑफिसात मी दिवसभर माऊसवर अशीच कललेली असते. उजव्या हाताच्या, म्हणजे उजवीकडे वळत जाणाऱ्या, वर्तुळात बिजली बाहेर फुटायची, त्यासाठी मी तिला हट्टी म्हणत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ती माझ्या वजनाखालीच जात होती.

लगाम मिळाल्यावर इशाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. घोड्याला ‘टाच मारली’ असं आपण सहज म्हणतो, पण सरांकडे टाच मारायची नाही, पोटरी लावायची. वर्तुळाच्या आतल्या बाजूचा पाय तंगापाशी, म्हणजे सॅडलच्या पोटपट्ट्यापाशी, बाहेरचा चार बोटं मागे, आणि आतल्या पोटरीनं दिलेला जोर बाहेरच्या लगामात झेलायचा. वीस मीटरच्या वर्तुळावर हे रोज. त्यातला हाफ हॉल्ट, म्हणजे घोड्याला न थांबवता सावध करणारा क्षणभराचा इशारा, मला सगळ्यात उशिरा उमगला. पोट घट्ट, पाठ उंच, बाहेरची मूठ ओल्या फडक्यातून दोन थेंब निघावेत इतकीच मिटायची, आणि लगेच सोडायची. मी मिटत होते, सोडत नव्हते. सोडलं नाही तर घोड्याला आपण बरोबर केलं हे कळणार कसं? रेसच्या घोडीसाठी तर ती धरलेली मूठ म्हणजे पळायचीच खूण.

ऑक्टोबरात एका सकाळी डाव्या हाताला दुडकी चालली होती. मैदानाच्या कडेला खुणेसाठी लावलेल्या ‘बी’ अक्षरापाशी आले, श्वास सोडला, कंबर थांबवली, मूठ मिटली आणि उघडली. बिजलीचा आतला कान मागे वळला. दोन पावलं, आणि ती चालीवर आली, मान न ताणता, तोंडातली कडी चघळत. तिच्या ओठांवर पांढरा फेस होता. माझे हात जिथल्या तिथे होते. मी तिच्या मानेवर हात ठेवला, ती गरम आणि ओलसर लागली.

सर दोरी गुंडाळत उभे होते. म्हणाले, “छान. आता उजव्या हाताला.”