आउटबॉक्समध्ये अडकलेला बेदाणा

१२ मार्च २०२६, गुरुवार. सांगली.

शेवटी आज मोबाइल घेतला. तीन आठवडे नुसता घोळ चालला होता.

सुरुवात तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजमधून झाली. नमुने बघायला आत गेले होते. गारठ्यानं बोटं आखडलेली, वर फोडलेल्या पेटीतल्या बेदाण्याचा चिकटा. सेन्सर काही केल्या अंगठा ओळखेना. करंगळीनं पासवर्ड टाकला, दिल्लीच्या पार्टीला लॉट नंबर आणि भाव लिहिला, सेंड दाबून मोबाइल पर्समध्ये टाकला. त्या जाड भिंतींआड रेंज कुठली! मेल आउटबॉक्समध्येच बसला, तो रात्री घरी चार्जिंगला लावल्यावर गेला. तोवर पार्टीनं दुसरीकडून माल उचललेला. ३०० पेट्या, पेटी १५ किलोची. मालक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

(व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही पाठवत, असं घरी सगळे विचारतात. भाव तिथंच ठरतो, पण लॉटची यादी, बिल, लॅबचा रिपोर्ट पार्टी मेलवरच मागते. उद्या वाद झाला तर तोच कागद पुढे येतो.)

खापर अर्थातच मोबाइलवर फोडलं. विश्रामबागच्या दुकानात गेले, तर पोरगा म्हणाला, "ताई, १०८ मेगापिक्सेल हाय." मला बेदाण्याचा रंग दाखवायचाय, चंद्र नाही. त्या कॅमेऱ्यानं पूर्ण ताकदीनं काढलेले दोन-तीन फोटो जोडले की जीमेलची २५ एमबीची मर्यादा संपते. मग ड्राइव्हची लिंक जाते आणि समोरच्याचा फोन येतो, "मॅडम, उघडत नाही." त्यापेक्षा टॅब बरा वाटला. अकरा इंचांवर बारा रकान्यांची एक्सेल शीट एका नजरेत दिसते. पण अर्धा किलोचा ऐवज एका हातात आणि नमुन्याची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन बेदाणा सुकवायच्या शेडच्या रॅकमधून फिरायचं, तर टाइप करायला तिसरा हात कुठून आणू?

मालकांच्या ड्रॉवरमध्ये त्यांचा जुना ब्लॅकबेरी अजून आहे. बटणं झिजलीत, पण दाबली की टक् आवाज येतो. असल्या चिकट, गार बोटांना खरं तर तोच बरा. पण ४ जानेवारी २०२२ ला कंपनीनं त्या जुन्या फोनांची सेवाच बंद केली. आता तो पेपरवेट.

खरी गोम भाच्यानं काढली. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन न हलता, चार्जरशिवाय, स्क्रीन बंद करून पडला की बॅटरी वाचवायला मागची कामं थांबवून ठेवतो. त्यात कंपन्या आपापली कात्री लावतात, ती वेगळीच. माझा फोन तर तीन वर्षं बॅटरी सेव्हरवर. मेलचं अ‍ॅप कुठं अडवलं असेल, त्याचा मला पत्ता नाही. दुसरं म्हणजे ऑफिसचा मेल कॉम्प्युटरवर पॉपनं, म्हणजे मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीनं लावलेला. कॉम्प्युटर सकाळी सगळं ओढून घेतो आणि सर्व्हर रिकामा करतो, म्हणून वाटेत कालचा मेल शोधला की मोबाइलवर सापडत नाही. दोन्हीकडे आयमॅप केलं, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळीकडे सारखा दिसतो. अ‍ॅपच्या बॅटरीत जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं, म्हणजे कात्री काढली. दहा मिनिटांचं काम.

म्हणजे जुन्यावरही भागलं असतं. हे मी घरी सांगितलेलं नाही. पण त्याची बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकायची आणि त्यात सिम एकच. तासगावला एकाची रेंज असते, कवठेमहांकाळकडे दुसऱ्याची. म्हणून दोन सिमचा, एका मुठीत मावणारा, भर उन्हात अक्षर दिसणारा मोबाइल घेतला. उन्हाची परीक्षा दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून घेतली. पोरगा वैतागला.

दुपारी परत त्याच कोल्ड स्टोरेजला गेले. मेल आतच लिहिला, बाहेर रॅम्पवर आले आणि 'सेंट'मध्ये दिसेपर्यंत तिथून हलले नाही.

"ताई, उनात का उभारलाय?" हमालमामांनी विचारलं.

"मेल जाऊदे म्हटलं."

"कुठं चाललाय?"

"दिल्लीला."

"मग लागंल की येळ," म्हणाले, आणि हातगाडी ढकलत आत गेले.