नोकरी सांभाळून वर्षभरात ज्ञानेश्वरी

हौसेनं ज्ञानेश्वरी वाचायला घेतलेली पुष्कळ माणसं सहाव्या अध्यायाशी थांबतात. तिथून पुढे गेलेली तेराव्यात अडकतात. त्यांच्या श्रद्धेत काही कमी नसतं, हिशेब चुकलेला असतो. अठरा अध्याय आहेत म्हणून ‘महिन्याला दीड अध्याय’ असं ठरवलं जातं, आणि अध्याय तर एकसारखे नाहीत. पाचवा १८० ओव्यांचा, बारावा २४७ ओव्यांचा. तेरावा मात्र ११६९ आणि अठरावा १८१० ओव्यांचा. प्रचलित प्रतीत एकूण ओव्या ९०३३. पहिले बारा अध्याय मिळून ४१३४ होतात, म्हणजे बारा अध्याय संपले तरी निम्मा ग्रंथसुद्धा झालेला नसतो. त्यामुळे मी अध्याय मोजत नाही, ओव्या मोजते.

रोज २५ ओव्या वाचल्या तर ३६२ दिवसांत ग्रंथ पुरा होतो. कागदावर हे छान दिसतं, पण वर्षात सुटीचे दिवस जेमतेम तीन उरतात. घरात आजारपण, पाहुणे, प्रवास, कार्यालयातलं वर्षअखेरीचं काम हे सगळं तीन दिवसांत मावत नाही. म्हणून सोमवार ते शनिवार रोज ३० ओव्या आणि रविवार मोकळा, हे गणित मला टिकाऊ वाटतं. आठवड्याला १८० ओव्या होतात आणि ५१ आठवड्यांत समाप्ती होते. पाचवा अध्याय बरोबर एका आठवड्यात बसतो, तेराव्याला साडेसहा आठवडे लागतात आणि अठराव्याला दहा. हे आधीच माहीत असलं की तेराव्यात ‘आपण पुढे सरकतच नाही’ असं वाटून धीर सुटत नाही.

रविवार मोकळा म्हणजे आठवड्यात राहिलेल्या ओव्यांसाठी राखलेला. मंगळवारचं वाचन हुकलं तर बुधवारी ६० ओव्या करायच्या नाहीत, हा नियम कडक पाळावा. दुप्पट वाचताना मन ओवीवर नसतं, आकड्यावर असतं. आणि त्याचं ओझं होऊन गुरुवारही जातो. दोन दिवसांपर्यंतचं राहिलेलं रविवारी भरून निघतं. त्याहून जास्त राहिलं तर सरळ समाप्तीची तारीख पुढे ढकलावी. सप्ताहातल्या पारायणाला दिवसाचं माप ठरलेलं असतं, रोज जवळपास तेराशे ओव्या होतात, आणि त्यासाठी माणूस सगळं बाजूला ठेवून बसतो. रोजच्या वाचनाला तो नियम लावला तर निराशाच पदरी येते.

वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधावी. माझं वाचन आंघोळीनंतर आणि पहिल्या चहाच्या आधी असतं. फोन त्यानंतरच हातात घ्यायचा. एकदा निरोप पाहिले की डोळे पोथीवर आणि मन कार्यालयात, अशी गत होते. पाळीची नोकरी असेल तर ‘सकाळी सहा’ असं ठरवणं फुकट आहे. तिथेही ‘आंघोळीनंतर’ हेच चालतं, मग ती दुपारी का असेना. तीस ओव्या सावकाश, मोठ्यानं वाचायला सहा-सात मिनिटं लागतात. अर्थासह वीस मिनिटं धरावीत.

वाचण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गीतेचा श्लोक, मग त्यावरच्या सगळ्या मूळ ओव्या सलग आणि आवाज काढून, मग तेवढ्याच ओव्यांचा अर्थ, आणि शेवटी अडलेल्या ओव्या पुन्हा. एक ओवी, तिचा अर्थ, परत एक ओवी, असं वाचलं की लय तुटते; आणि ओवी लयीतच उलगडते. ‘ॐ नमो जी आद्या। वेदप्रतिपाद्या। जय जय स्वसंवेद्या। आत्मरूपा॥’ यात तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण मोकळा सुटतो. त्या चौथ्या चरणावर थांबून श्वास घेतला की वाचन आपोआप संथ होतं. नुसता अर्थ वाचून पुढे जाणं मला पटत नाही. माउलींचा शब्द कानावर पडला पाहिजे.

तीस हा आकडा काटेकोर धरू नये. पंचवीस ते पस्तीसच्या दरम्यान जिथे श्लोकावरचं विवेचन संपतं तिथे थांबावं. मोठ्या अध्यायांत तशी जागा लवकर सापडत नाही. तेराव्यात ‘अहिंसा’ या एका गुणावरच शंभराहून अधिक ओव्या आहेत. अशा ठिकाणी दृष्टांतांची साखळी बघावी. ‘जैसें’, ‘कां’, ‘नातरी’ म्हणत एकामागून एक दृष्टांत येतात आणि ‘तैसें’ म्हणून मूळ मुद्द्यावर परततात. ते ‘तैसें’ झालं की थांबावं. मधेच थांबलं तर दुसऱ्या दिवशी दृष्टांत कशासाठी दिला होता तेच आठवत नाही. थांबलेल्या ओवीपाशी पेन्सिलीनं तारीख लिहावी.

प्रत सार्थच, म्हणजे ओव्यांसोबत अर्थ दिलेली, घ्यावी आणि वर्षभर एकच वापरावी, कारण पाठभेदांमुळे वेगवेगळ्या आवृत्त्यांत ओव्यांचे क्रमांक थोडे मागेपुढे असतात. साखरे महाराजांची किंवा सोनोपंत दांडेकरांची प्रत बहुतेक ठिकाणी मिळते. या प्रती जाड असतात, लोकलमध्ये नेण्याजोग्या नाहीत. प्रवासाच्या दिवसांसाठी पुढच्या चार-पाच पानांचे फोटो काढून ठेवते आणि वाचताना फोनचं इंटरनेट बंद करते.

अडणाऱ्या जागा तीन. पहिली अगदी सुरुवातीला. धृतराष्ट्राचा प्रश्न, जिथून गीता सुरू होते, तो ८५व्या ओवीत येतो. त्याआधी गणेशाचं रूपक, शारदा, गुरुवंदन आणि ग्रंथमहिमा आहे. साही दर्शनं, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, या गणेशाच्या भुजा, हे रूपक पहिल्याच दिवशी पूर्ण कळायला हवं असा हट्ट नको. दुसरी जागा सहाव्यातलं कुंडलिनीचं, म्हणजे योगात सांगितलेल्या सुप्त शक्तीचं, वर्णन. अभ्यास नसताना त्याचा अर्थ पुस्तकातून लागत नाही. मूळ ओव्या प्रेमानं वाचाव्यात, अर्थ एकदा नजरेखालून घालावा, पुढे जावं. तिसरी अठराव्यात. तो कळसाध्याय आहे, आधीचे विषय त्यात परत येतात, आणि घाईनं ‘हे झालंय’ म्हणत पानं उलटली जातात. मला उलट तिथेच वेग कमी करावासा वाटतो, कारण कर्म आणि भक्तीबद्दल सुटे सुटे कळलेलं सगळं तिथे एकत्र जोडलं जातं.

ज्या दिवशी वीस मिनिटं खरोखरच नाहीत, त्या दिवशी नामदेवरायांनी सांगितलेली एक तरी ओवी आणि पाठ असलेलं पसायदान. पसायदानाच्या नऊ ओव्यांना दोन मिनिटं पुरतात. मात्र आठवड्यात असे दिवस दोनच्या वर जायला लागले तर वाचनाची जागा चुकली आहे असं समजावं आणि ते दिवसातल्या दुसऱ्या कामाला बांधून बघावं.

सुरुवातीसाठी मुहूर्त हवाच असेल तर भाद्रपद वद्य षष्ठी, ज्ञानेश्वरी जयंती, हा चांगला दिवस आहे. पण त्याला अजून सहा महिने असतील तर थांबू नये. संपूर्ण ग्रंथाचा धीर होत नसेल त्यांना मी आधी बारावा अध्याय घ्यायला सांगते. तीसच्या हिशेबानं तो नऊ दिवसांत होतो, विषय भक्तीचा आहे आणि भाषेशी ओळख होते. मग ५३५ ओव्यांचा नववा घ्यावा, तो तीन आठवडे पुरतो. एवढं झालं की पहिल्या अध्यायाच्या पहिल्या ओवीपासून बसावं आणि बारावा-नववा वाचून झालेत म्हणून ते गाळू नयेत.