पाच फिक्या बाटल्या आणि माझा डावा हात

नेलपॉलिशच्या बाबतीत मी मरून रंगाची बाई आहे. कित्येक वर्षं तीच शेड, संपली की पुन्हा तीच. मरूनचा मोठा गुण असा की तो सगळं पोटात घालतो: नखावरच्या रेघा, थरथरलेला हात, घाईत फासलेला दुसरा कोट. चूक झालीच तर ती कडेला होते, आणि कड पुसता येते.

म्हणून भाचीने पाच चिमुकल्या बाटल्या माझ्यासमोर ओळीने मांडल्या तेव्हा मला हसूच आलं. गुलाबी, अबोली, पिस्ता, आकाशी आणि एक जांभळट, जिला ती लव्हेंडर म्हणते. पाचही फिके आणि पाचही चकाकणारे.

"मावशी, वसंत आलाय. मरून बस झाला आता तुझा."

"अगं, पण फिकं असेल तर चकाकेल कसं?"

"मेटॅलिक पेस्टल म्हणतात याला. लावून तर बघ."

माझी शंका अगदीच खुळी नव्हती, हे पुढे कळलं. पेस्टल रंग शांत दिसतो तो त्यातल्या पांढऱ्यामुळे. हा पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचे बारीक कण उजेड चहूकडे विखरून टाकतात, त्यामुळे रंग मऊ आणि झाकणारा होतो. चकाकीचं तंत्र बरोबर उलटं. तिथे चपटे पातळ कण नखावर आडवे पडतात आणि उजेड आरशासारखा एकाच बाजूला परतवतात. बाटलीत पांढरा जास्त झाला की झळाळी मेली. म्हणून या शेड्समध्ये पांढरा बेताचाच असतो आणि बरंचसं काम अभ्रकाच्या कणांवर सोपवलेलं असतं. गंमत अशी की त्या कणांवर पातळ लेप असतो तो पुष्कळदा त्याच टायटॅनियम डायऑक्साइडचा. लेपाच्या जाडीवर कुठला रंग परतायचा ते ठरतं, साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात तसं. पूर्वी ही मोतिया चमक माशांच्या खवल्यांतून काढत, अजूनही काही ठिकाणी काढतात. घटकांच्या यादीत ग्वानिन दिसलं तर ते हेच.

यातलं काहीही ठाऊक नसताना मी आकाशी बाटली उघडली आणि मरूनच्या सवयीने ब्रश फिरवला. थोडं इकडे, थोडं तिकडे, राहिलेल्या जागी पुन्हा एकदा. वाळल्यावर खिडकीपाशी जाऊन बघितलं तर नखावर नांगर फिरवल्यासारखे तास पडलेले! एक उभा, एक तिरपा आणि मधे, जिथे मी "जरासं सारखं" केलं होतं तिथे, चक्क वळसा. साधं, बिनचमकीचं क्रीम नेलपॉलिश थोडा वेळ पातळ राहतं आणि आपलं आपण सपाट होतं. इथे सपाट होऊनही उपयोग नाही, कारण चपटे कण ब्रश जाईल त्या दिशेने लोळलेले असतात आणि उजेडात ती दिशाच दिसते. वरून टॉप कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, लावला तर रेघा काचेखाली ठेवल्यासारख्या आणखी स्पष्ट झाल्या.

मग मी दुसरी चूक केली. रेघा बुजवायला जाड कोट. तीन मिनिटांत हाताला कोरडा लागला, म्हणून दीड तासाने निर्धास्त झोपले. सकाळी दहाही नखांवर चादरीची वीण उमटली होती, इतकी सुबक की मुद्दाम करायला गेले तर जमायची नाही. नेलपॉलिश म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज, एथिल आणि ब्युटिल ॲसिटेटसारख्या द्रावकांत विरघळवलेलं. द्रावक उडून जातात आणि मागे पापुद्रा राहतो. थर जाड असला की वरचा भाग आधी घट्ट होतो, खालचे द्रावक अडकतात आणि आतला भाग तासन् तास मऊच राहतो. (हेच नायट्रोसेल्युलोज जुन्या सिनेमांच्या रिळांत असे, आणि १९२०च्या दशकात मोटारींच्या रंगातही आलं. भडकन पेट घेतं. तेव्हा बाटली आणि रिमूव्हर, दोन्ही दिव्या-शेगडीपासून लांब.)

इथपर्यंत मी बाटल्या परत करायच्या विचारात होते. पण भाचीने माझे हात बघितले आणि "मावशी, हे काय केलंस?" असं इतक्या कळवळून म्हणाली की मला ईर्ष्या चढली.

तिसऱ्या खेपेला आधी नखं बघितली. मरून काढल्यावर ती पिवळट निघाली. गडद रंग बेस कोट (रंगाखालचा थर) न लावता वर्षानुवर्षं फासला की नख तो रंग थोडा पिऊन घेतं, आणि डाग गेलाच नाही तर नख वाढून पुढे सरकेपर्यंत राहतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला सहाएक महिने. एवढं थांबणं शक्य नव्हतं. या फिक्या शेड्स अर्ध्या पारदर्शक असल्याने पिवळं खालून डोकावत होतं आणि गुलाबी बिचारी शिळी दिसत होती. शिवाय वयाप्रमाणे माझ्या नखांवर उभ्या शिरा आल्यात. मरूनखाली त्या कधी जाणवल्या नाहीत. झळाळीने एकेक शीर मोजून दाखवली.

तेव्हा खाली रेघा भरणारा बेस कोट, दुधट रंगाचा. तो लावण्याआधी नखं पाण्यात भिजवायची नाहीत. पूर्वी मी हौसेने कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. नख पाणी पिऊन किंचित पसरतं, नंतर सुकून आक्रसतं आणि वरचं पॉलिश टवका होऊन निघतं. कोरड्या नखावरून रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवायचा, म्हणजे तेलाचा अंश जातो. एवढं पुरे. बाटली खडखडा हलवायची नाही, त्याने बुडबुडे होतात. दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, आत स्टीलची गोळी असते तिच्याने तळाशी बसलेले कण वर येतात.

आणि मग ब्रश. शिकण्यासारखं सगळं इथेच होतं. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला पुसून घ्यायची, दुसऱ्या बाजूला थेंब राहू द्यायचा. मुळाच्या कातडीपासून केसभर अंतर ठेवून ब्रश टेकवायचा आणि सरळ टोकापर्यंत ओढायचा, मधे न थांबता, न दाबता. पहिला फटकारा मधोमध, मग एकेक दोन्ही बाजूंना, तिन्ही एकमेकांना समांतर. राहिलं तर राहू दे. दुरुस्तीला परत जायचं नाही, हे सगळ्यात अवघड. फट दिसते, हात शिवशिवतो, पण दुसऱ्या कोटापर्यंत दम धरायचा. रेघा मग असतात, पण सगळ्या एका दिशेने असतात, आणि डोळ्याला त्या रेघा न वाटता पोत वाटतो.

उजव्या हाताने डाव्याची नखं तिसऱ्या खेपेला बऱ्यापैकी जमली. उजव्याची नखं रंगवायची पाळी आली तेव्हा डाव्या हाताने जे काही केलं त्याबद्दल न बोललेलंच बरं. शेवटी युक्ती सापडली: डावं मनगट टेबलाला टेकवून हात जागच्या जागी ठेवायचा, ब्रश जवळजवळ स्थिर धरायचा आणि खालून रंगवायचं बोटच मागे ओढायचं. वळवायचंही बोटच. माझा उजवा हात शहाणा आहे, हललं तरी सरळ हलतो.

आता शेड्सविषयी. गुलाबी सगळ्यात सोशिक निघाली. दोन कोटांनंतरही नखाच्या मूळ रंगात विरघळून जाते, लांबून फक्त नखं तजेलदार वाटतात. मला ती जरा अळणी वाटली, पण डाव्या हाताचं पाप झाकायला तिच्यासारखी दुसरी नाही. पिस्ता बाटलीत असताना मला सगळ्यात आवडली होती. नखांवर आली आणि माझी सावळी बोटं एकदम राखाडी, आजारी दिसायला लागली. दोष हिरव्याचा नव्हता. तिच्यातली चमक चंदेरी आणि थंड होती. ह्याच पिस्त्यात सोनेरी झाक असती तर निभावलं असतं, असं माझं मत. भाचीच्या गोऱ्या हातावर तीच बाटली छान दिसली, त्यामुळे मला थोडा रागही आला.

आकाशीने शेवटपर्यंत त्रास दिला. तिचे कण सगळ्यात आरशासारखे, म्हणून रेघाही सगळ्यात उठून दिसणाऱ्या. तिला ब्रशने नव्हे, मेकअपच्या स्पंजच्या तुकड्याने टिपून टिपून लावलं. कण वाटेल त्या दिशेला पडतात, रेघांचा प्रश्नच मिटतो. पण आरसाही जातो, त्याच्या जागी दंव पडल्यासारखी रवाळ चमक येते, आणि बोटाच्या कातडीवर जो रंग जातो तो पुसण्यात वेगळी पंधरा मिनिटं. दोन नखांवर मजा वाटली. दहावर करणार नाही.

लव्हेंडरची गोष्ट न्यारी. बाटली तिरकी केली की त्यात धूपछाव साडीसारखी गुलाबी-सोनेरी लहर उठायची, आणि नखावर ती गुल. फक्त फिकं जांभळं उरायचं. मी प्लास्टिकच्या टाकाऊ चमच्यांवर पट्टे मारून बघितले. खाली पांढरा कोट दिला तर लहर आणखीच मेली. खाली काळा दिला तर अशी उसळली की चमचा हातातून ठेववेना, पण पेस्टल कुठलं, भुंग्याच्या पाठीसारखं काहीतरी गूढ प्रकरण झालं. कारण समजल्यावर सोपं वाटलं: अशा कणांचा रंग परतलेल्या उजेडातून येतो. खालचा पांढरा स्वतःच इतका उजेड फेकतो की त्यात तो बुडून जातो, काळा मात्र बाकीचा उजेड गिळून त्याला वाट करून देतो. मग मधला मार्ग काढला. खाली राखाडी झाक असलेल्या जांभळ्या क्रीम शेडचे दोन पातळ कोट, ते पूर्ण सुकल्यावर वर लव्हेंडरचा एकच फटकारा. लहर आली आणि रंगही फिका राहिला.

याचा दुसरा फायदा मला नंतर लक्षात आला. झाकण्याचं काम खालच्या क्रीमने केलं, चमकणाऱ्या पॉलिशचा एकच कोट लागला, म्हणून रेघाही जवळजवळ नाहीत. पिवळी नखंही झाकली गेली. हे मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर ती चादर वाचली असती.

आणि अबोली! मुळात तिच्यात गुलाबी, नारिंगी आणि सोनेरी असं काही एकत्र आहे. वसंतातली अगदी कोवळी पालवी हिरवी होण्याआधी तांबूस चमकते ना, तिचाच फिकट केलेला रंग. वसंत म्हटलं की लोक पिस्ता का धरतात कोण जाणे. सावळ्या हातावर अबोली उजळली. रात्री दिव्याखाली ती जवळपास सोनेरी होते, म्हणून सांगते, या शेड्स दिव्याखाली निवडूच नका, खिडकीपाशी न्या.

टॉप कोट पातळ लावला आणि ब्रश नखाच्या टोकाच्या धारेवरूनही फिरवला. झटपट वाळणारा टॉप कोट ओल्या रंगावर लावला की आक्रसतो आणि टोकाला बारीक उघडी पट्टी सोडतो. ती पट्टी मला दोनदा मिळाली होती.

शेवटी आठ बोटांवर अबोली आणि दोन अनामिकांवर लव्हेंडर. सहाव्या दिवशी उजव्या तर्जनीचा टवका उडाला, पण मलाच शोधावा लागला. मरूनचा उडाला असता तर सगळ्यांना दिसला असता. दहाव्या दिवशी मुळाशी मिलिमीटरभर उघडं नख आलं, तेही फिक्या रंगामुळे खपून गेलं. हे मला अनपेक्षित होतं. मी समजत होते की हे लाडावलेले रंग दोन दिवसांचे पाहुणे.

काढताना मात्र चमकीने छळलं. घासत बसलं की कण बोटाच्या सुरकुत्यांत जाऊन बसतात आणि दिवसभर गालाला लागतात. भिजलेला कापूस नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा आणि मग टोकाकडे एकदाच ओढायचा. ॲसिटोनचा रिमूव्हर लवकर काढतो, पण नखं आणि कातडी खडूसारखी कोरडी करतो, म्हणून नंतर तेलाचा थेंब चोळला.

भाची पिस्ता आणि आकाशी घेऊन गेली. बाकी तीन माझ्याकडे आहेत. काल सहज म्हणून मरूनची बाटली उघडायला गेले तर झाकण हलेना. कडेला वाळलेलं पॉलिश रिमूव्हरने पुसून, खटपट करून उघडलं, तर आत मधासारखा घट्ट गोळा. पॉलिशच्या थिनरचे दोन थेंब घालून तळव्यांत फिरवत बसले. हे भाचीला सांगितलेलं नाही.