धुळ्याची दीपलक्ष्मी आणि वजनाची पावती

धुळ्यातून जुनी वस्तू घेऊन बाहेरगावी पाठवणार असाल, तर आधी पावतीचं बोला, भावाचं मागाहून.

आग्रा रोडलगतच्या गल्ल्या इथं नावापेक्षा नंबरानंच ओळखल्या जातात. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं, व्यापाऱ्यांना बोलावून सरळ रस्त्यांची पेठ वसवली. त्यामुळे फिरायला सोपं. भांड्यांच्या जुन्या दुकानांत मागच्या फळीवर मोडीत आलेला माल असतो: घंगाळं, बंब, पानाचे डबे, अडकित्ते, समया. तिथंच मला हातभर उंचीची पितळी दीपलक्ष्मी, म्हणजे हातात दिवा धरलेल्या बाईची मूर्ती, मिळाली. मस्कतच्या भाचीला पाठवायची म्हणून घेतली.

अडलं ते पार्सलच्या काउंटरवर. पावतीवर नुसतं ‘पितळ मोड’, पुढं वजन आणि दर. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, पावती मोडीची अन् खोक्यात मूर्ती, चालणार नाही. मी परत फिरले. पुढच्या वेळी म्हणाला, मूर्ती जुनी दिसते, पुरातन नसल्याचा दाखला आणा. मग फोटो. मग मापं. मागणं रास्त होतं; १९७२ च्या कायद्यानं १०० वर्षांवरच्या मूर्ती-नाण्यांसारख्या वस्तू कुणालाही खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर ७५ वर्षंच पुरतात. पण हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? भिंतीवर एक छापील कागद लावला असता, तर देवपूरहून उन्हातान्हात हेलपाटे पडले नसते. अजून आठवलं की राग येतो.

तिकडे दुकानदार काका पावती बदलून देईनात. “ताई, आमी वजनवर लेतस, वजनवर इकतस.” खरी गोष्ट वेगळी होती. ‘मूर्ती’ लिहिलं की चौकशी मागं लागेल, ही त्यांची भीती. पुरातन वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. मी दुकानातच बसून राहिले. चहा झाला, दुसरी गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी मी दीपलक्ष्मीची बैठक फिरवून सुटी केली आणि आतले आटे त्यांना दाखवले. एकसारखे, यंत्रावर पाडलेले. काकांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “हाई शंभर वरीसनी नही.” मग हेच मनात धरून लिहा म्हटलं. दीपलक्ष्मी, पितळी, एक नग, उंची, वजन, दर, तारीख, सही. ती पावती हातात पडली तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं मी लपवत नाही.

पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी वस्तू पाहून दाखला दिला. पार्सल गेलं.

फोटोंचं राहिलंच. चारही बाजूंनी काढा आणि तळाचा वेगळा काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्याआधी चिंच लावून घासू नका. खाचांतला कळंक आणि तळाची झीज यांवरूनच जाणकार वय ताडतात. विकत घेतानाही तेच बघा. जिथं हात लागून पितळ उजळायला हवं, तिथंही सारखाच काळपटपणा असेल तर तो मुद्दाम चढवलेला समजा.

नजर तयार करायची तर बाजारात शिरण्याआधी राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय पाहून या. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांच्या नावानं उभं राहिलेलं हे मंडळ जुनी कागदपत्रं जपतं. या दुकानांत एखादवेळी पितळेच्या डब्यात मोडी लिपीतले कागद कोंबलेले निघतात. डबा नको असला तरी ते कागद रद्दीत जाऊ देऊ नका, मागून घ्या आणि मंडळात नेऊन दाखवा.