पंक्चरचा प्रसंग
आज दिवसभर एका प्रवासी प्रेमकथेचा खर्डा तपासला. ती याद्या करणारी, तो ‘बघू पुढे’वाला, गाडीत दोघंच. जमलंय, फक्त पंक्चरचा प्रसंग वाया गेलाय. नायक आधी जॅक लावतो, मग नट सोडवतो आणि ते निमूट सुटतात! अहो, पुढचं चाक हवेत असेल तर पान्याबरोबर तेच फिरतं. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. हे तिला ठाऊक असणार, आणि ती मुद्दाम गप्प बसणार. विनोद तिथे आहे. शिवाय स्टेपनी नेहमीच्या चाकापेक्षा बारीक असेल तर सहसा ताशी 80 किमीच्या वर पळवायची नसते, म्हणजे भांडायला आयता वेळ. एका छत्रीतल्या पावसाचा प्रसंग मात्र काढून टाकाच.